साहेब, परत सांगा!

कोर्टात जे बोललं जातं, त्यातलं थोडंच रेकॉर्डवर येतं. बाकीचं स्टेनोच्या डब्याच्या पिशवीतून घरी येतं! यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुका कोर्टात मी लागले, आणि वर्षभरात माझ्या घरी जागा उरली नाही.

मी प्रोबेशनवर होते. आमचे साहेब बोलायला लागले की भरून निघालेल्या जीपसारखे, मधे थांबणं नाही. सीनियर स्टेनो राऊतकाकांनी पहिल्याच दिवशी बजावलं, "पोरी, पक्की होईस्तोवर साहेबाले 'परत सांगा' म्हणू नको. रिपोर्ट खराब होते!" मी घाबरटच. जे सुटलं ते अंदाजानं भरायचं आणि रात्री झोप नाही.

*

वकिलानं आरोप करायचा, साक्षीदारानं "नाही जी" म्हणायचं, आणि मी टाइप करायचं, "हे म्हणणे खरे नाही की..." दिवसातून पन्नास वेळा!

एकदा आईनं विचारलं, "भाजीत मीठ जास्त झालं का वं?"

"हे म्हणणे खरे नाही की भाजीत मीठ जास्त झाले."

आई म्हणाली, "जेव मुकाट्यानं!"

*

पुसदकडचा एक साक्षीदार. त्याचा जबाब मी वाचून दाखवला, "मी घरी भोजन करीत असताना ओरडण्याचा आवाज आला."

तो सही करेना. "भोजन? मॅडम, म्या त भाकर खाल्ली!"

साहेबांनी भाकर लिहायला लावली. सही करता करता तो पुटपुटला, "ठेचा बी होता. पन जाऊ द्या."

*

स्पीड वाढावा म्हणून मी कानावर पडेल ते शॉर्टहँडमध्ये घ्यायचे. एका रविवारी नळावर शेजारणींचं जोरात जुंपलं. मी गॅलरीत वही घेऊन बसले.

संध्याकाळी त्यातली एक दारात उभी. "ताई, ते मले काय काय बोलली, त्याची नक्कल भेटन का?" सोबत कोर्ट फीचं तिकीटही आणलं होतं!

*

प्रोबेशनचा शेवटचा आठवडा. साहेब माझा रिपोर्ट लिहिणार होते. शेळीचोरीची केस, साक्षीला दारव्ह्याकडची एक म्हातारी. ती सांगत होती, साहेब डिक्टेट करत होते, आणि माझा पाय लागून कॉम्प्युटरची वायर निघाली. स्क्रीन काळा!

थांबा म्हणायची हिंमत कुठून आणू? मी टाइप करतच राहिले. तीन वाक्यं!

म्हातारी बोलता बोलता गप्प झाली.

"आजी, का थांबल्या?" साहेबांनी विचारलं.

"मंग काय करू साहेब? ह्या पोरीच्या टीव्हीवर काहीच नाही दिसून राह्यलं. नुसती बोटं हालवून राह्यली ते!"

राऊतकाकांनी डोळेच मिटले.

"तिले रागावू नका," म्हातारी म्हणाली. "तुमीच लय घाईनं बोलता. मले बी नाही समजत!"

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. शिपायानं वायर जोडली. मग साहेब एकेक शब्द सुटा करत म्हणाले, "लिहा. साक्षीदाराच्या... सांगण्यावरून... न्यायालय... आता... हळू... बोलत आहे. घेतलं?"

कॉम्प्युटर अजून चालूच होत होता.

मी उभी राहिले. "नाही साहेब. परत सांगा."