गुडघ्यांना कान नसतात

माझ्या भाऊजींना कुठलीही वस्तू झटपट निवडता येत नाही. धंद्याची सवय आहे ती. त्यांचं चष्म्याचं दुकान. दिवसभर गिऱ्हाइकाच्या नाकावर ती जड चाचणीची फ्रेम चढवायची, तिच्यात एक काच सरकवायची आणि विचारायचं, "आता?" मग ती काढून दुसरी. "आणि आता?" गिऱ्हाईक वैतागून म्हणतं, अहो, दोन्हींत सारखंच दिसतंय. भाऊजी शांतपणे पुन्हा पहिली काच घालतात. हा माणूस एकदा माझ्या ताईबरोबर पडदे घ्यायला गेला, तर दुकानदार दिवे मालवायला लागला तरी यांचं बघणंच चालू. शेवटी ताईनेच निळ्या फुलांचं कापड उचललं आणि बिल करायला सांगितलं. या माणसाशी ती इतकी वर्षं संसार करते आहे, हा तिचा मोठेपणा. मी बेकरी चालवते. माझ्याकडे पाव एक तर भाजलेला असतो नाहीतर करपलेला. 'आता?' आणि 'आणि आता?' असं विचारत बसायला मला वेळ नसतो.

भाऊजींना नाद एकच, इलेक्ट्रिक गिटारचा. ती गिटार नुसती वाजवली तर जेमतेम शेजारच्या खुर्चीपर्यंत ऐकू येते. तिला वायरने अँप जोडावा लागतो, म्हणजे आवाज वाढवणारी स्पीकरची पेटी. भाऊजींची पेटी बाहेरच्या खोलीत खिडकीखाली जमिनीवर बसलेली असायची, काळी आणि ढब्बू. संध्याकाळी दुकान बंद करून आले, चहा घेतला, की ते तिच्यापुढे उभे राहायचे. उभं राहूनच वाजवायचे. बसून वाजवलं की हात आळशी होतो म्हणे.

आणि ते उभे राहिले की ताई चपला घालायची.

"तुमचं चालू द्या," ती म्हणायची, "मी जरा पाय मोकळे करून येते."

रोज. वाजवणं संपलं की बरोबर परत यायची आणि भात लावायला घ्यायची. भाऊजी कधी एका शब्दाने बोलले नाहीत. आमच्या माहेरी गाण्याचा कान कुणालाच नाही, मला तर दोन चालींमधला फरकही कळत नाही, तेव्हा ताईलाही ते सहन होत नसणार असं मी धरून चालले होते. भाऊजींनीही तेच धरलं होतं.

बाहेर मात्र त्यांना ऐकणारे होते. ढोल वाजवणारा एक पोस्टमन, गाणारी एक शाळेतली बाई आणि भाऊजी, असे तिघे दर शुक्रवारी कोपऱ्यावरच्या कॉफीच्या दुकानात वाजवायचे. दुकान छोटं, टेबलं मोजकी. त्यांच्या अगदी समोरचं टेबल नेहमी रिकामं राहायचं. लोक लाजतात, असं पोस्टमनचं म्हणणं होतं.

मग एका संध्याकाळी ती काळी पेटी फट्‌ करून वाजली, मागून धुराची रेघ निघाली आणि पेटी कायमची गप्प झाली. मी तेव्हा तिथेच होते, उरलेला पाव द्यायला गेले होते. भाऊजींनी वायर काढली, नीट गुंडाळली आणि जेवताना म्हणाले, "आता पुरे झालं. गिटारही विकून टाकतो. तुलाही संध्याकाळचं घरात निवांत बसता येईल."

ताईच्या हातातला डाव जरासा थांबला.

"तुमची मर्जी," ती म्हणाली आणि पाणी आणायला उठून गेली.

नका विकू, असं निदान तोंडदेखलं तरी म्हणायचं. भाऊजींचा चेहरा खाडकन उतरला. मला ताईचा राग आला, पण नवराबायकोच्या मध्ये मी पडत नाही. पडले की दोघंही एक होतात आणि वाईट मी ठरते.

दुकानाच्या सुट्टीच्या दिवशी भाऊजी बेकरीत हजर.

"मेहुणीबाई, तुमची गाडी लागेल. आणि तुम्हीही."

"कुठे?"

"एकजण घरी हाताने अँप बनवतो. जुन्या रेडिओत काचेच्या ट्यूबा असायच्या ना, तसल्या ट्यूबांचे. त्यांचा आवाज ऊबदार असतो, हळू वाजवला तरी कानाला लागत नाही म्हणतात."

"तुम्ही तर विकणार होतात."

भाऊजी गाडीत बसले, पट्टा लावला आणि काचेतून समोर बघत म्हणाले, "एकदा बघतो. तिने समोर बसून एक तुकडा शेवटपर्यंत ऐकला तर वाजवीन. त्या अँपनेही ती उठून गेली, तर तो परत करतो आणि गिटार विकतो. बायकोला रोज घराबाहेर काढणारा छंद मला नको."

माझ्या जिभेवर एक टोमणा तयार होता. तो मी गिळला.

अँपवाल्याची खोली त्याच्या घराच्या मागच्या बाजूला होती. लांबट, अरुंद. एका भिंतीला फळ्या, त्यांवर वायरींची भेंडोळी, लाकडाचे रिकामे खोके, आणि सगळीकडे तारांना कथलाचा डाग दिल्याचा वास. माणूस बोलका होता आणि स्वतःवर बेहद्द खूष. "माझा अँप तुम्ही निवडत नसता," तो दारातच म्हणाला, "अँप तुम्हाला निवडतो." पावाबद्दल मी असं बोलले तर गिऱ्हाईक सरळ समोरच्या दुकानात जाईल.

त्याने जमिनीवर तीन पेट्या मांडल्या होत्या, मोठी, मधली आणि धाकटी. देखण्या होत्या, हे कबूल करायला हवं. लाकूड असं गुळगुळीत की हात फिरवावासा वाटावा. त्याने मधलीचं बटण दाबलं. काहीच झालं नाही.

"बिघडलाय?" मी विचारलं.

"तापू द्या," तो म्हणाला. "ट्यूबांना घाई चालत नाही."

मागच्या जाळीतून हळूहळू नारिंगी उजेड दिसायला लागला. त्याने एक पेन्सिल घेतली आणि एकेका ट्यूबेवर अलगद टिचकी मारून कान देऊन ऐकलं, डॉक्टर छाती ठोकून बघतात तसं. एकीतून टण्‌ असा आवाज आला. ती त्याने फडक्यात धरून उपटली आणि दुसरी बसवली. भाऊजी असे रंगून बघत होते की या दोघांना जेवायला एका ताटात वाढावं.

"घरासाठी हवाय की बाहेर वाजवायला?" अँपवाल्याने विचारलं.

"घरासाठी," भाऊजी म्हणाले. "बाहेर चालला तर उत्तम."

"लोक उलटं सांगतात."

"सांगत असतील."

मग जे सुरू झालं ते मी आधीच ओळखायला हवं होतं. मोठी, मधली, पुन्हा मोठी. हे बटण थोडं पुढे, ते थोडं मागे. मोठी त्यांनी लवकर बाजूला केली, कारण ती कुजबुजीतही खेकसल्यासारखी वाटत होती. मधलीपुढे मात्र ते उभे राहिले ते राहिलेच. आवाज बोदा वाटतोय, असं पुटपुटत त्यांनी धारेचं बटण, म्हणजे सूर तिखट करणारं, आणखी फिरवलं, आणखी फिरवलं, आणि मग त्यांचा चेहरा खुलला.

मला बसायला जागा एकच होती, दाराजवळचं बुटकं स्टूल, बरोबर त्या पेटीच्या समोर. मी दोन्ही हात कानांवर घेतले.

"भाऊजी, थांबा! कानात दाभण घातल्यासारखं होतंय."

"काहीतरीच. लोण्यासारखा आवाज आहे."

"लोणी तुमच्या कानात असेल!"

भाऊजींना वाटलं मी थट्टा करते आहे. ते पुन्हा वाजवायला लागले. अँपवाला मात्र हसत पुढे आला. त्याने भाऊजींच्या गळ्यातून गिटार काढून घेतली.

"जा, त्यांच्या जागी बसा," तो म्हणाला. "मी बटणांना हात लावत नाही."

मी उठले, भाऊजी स्टुलावर बसले. अँपवाल्याने तोच तुकडा वाजवला. दुसऱ्याच सुराला भाऊजींनी डोळे घट्ट मिटून मान फिरवली.

"पेटी जमिनीवर," अँपवाला सांगायला लागला. हे भाषण त्याने याआधीही पुष्कळदा केलं असणार. "तिखट सूर सरळ रेषेत पुढे जातो. तुम्ही तिच्यापुढे चिकटून उभे, तो तुमच्या गुडघ्यांना लागतो आणि वर तुमच्या कानापर्यंत येतो तो नुसता बोदा आवाज. मग तुम्ही बटण पिळून धार काढता. तुम्हाला गोड लागतं आणि समोर बसलेल्याचे कान सोलून निघतात. सगळे गिटारवाले गुडघ्यांसाठी वाजवतात हो. गुडघ्यांना कान नसतात!"

तो स्वतःच खो खो हसला. मला ते रिकामं टेबल आठवलं. लाजतात म्हणे!

भाऊजी हसले नाहीत. "खोलीच्या पलीकडे, टेबलाशी बसलेल्या माणसालाही असंच ऐकू येतं?" त्यांनी विचारलं.

"पेटीच्या समोर असेल तर असंच."

ताईची खुर्ची कुठे असते, ते मला माहीत होतं. खिडकीच्या बरोबर समोर, जेवणाच्या टेबलापाशी. संध्याकाळी ती तिथेच भाजी निवडायला बसायची.

भाऊजींनी उरलेली निवड त्या स्टुलावरून न उठताच केली. अँपवाला वाजवत होता, हे डोळे मिटून ऐकत होते. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी एखादी गोष्ट भराभर ठरवली. धाकटी पेटी. तिला एका लाकडी स्टँडवर चढवून किंचित मागे कलती ठेवायची, म्हणजे वाजवणाऱ्याच्याही कानाशी ती खरं बोलेल.

"बाहेर ढोलापुढे ही कमी पडेल," अँपवाला म्हणाला. त्याला मधली खपवायची होती, हे उघड होतं.

"पोस्टमनला हळू वाजवायला सांगेन," भाऊजी म्हणाले.

परतीच्या वाटेवर पेटी मागे पावाच्या जाळ्यांमध्ये बसली होती. सिग्नलला मी गाडी थांबवली तेव्हा भाऊजी म्हणाले, "दिवसभर लोकांना विचारतो, हे बरं की ते. घरात तिला एकदाही विचारलं नाही. ती उठून जायची आणि मी तिला दोष द्यायचो. मनातल्या मनात, पण द्यायचो."

मी उगाचच पुढच्या गाडीवर हॉर्न वाजवला.

त्यांच्या इमारतीला लिफ्ट नाही. भाऊजींच्या हातात पेटी, माझ्या खांद्यावर गिटार, काखेत स्टँड. जिन्याच्या वळणावर भाऊजींना दम लागला. तिथे खिडकीचा रुंद कट्टा आहे. त्यावर पेटी टेकवायची, तर तिथे कुणाची तरी उशी. निळ्या फुलांची, बसून बसून चपटी झालेली. जिन्यात कोण लोळतं कोण जाणे, असं म्हणत मी ती कोपऱ्यात सारली.

वर ताई भाजी निवडत होती. नवी पेटी बघून ती उठली. भाऊजींनी स्टँड लावला, पेटी ठेवली, बटण दाबलं. पेटी तापायला लागली. ताईची नजर चपलांकडे गेली.

"आज थांब," भाऊजी म्हणाले. "एक तुकडा. टोचलं तर लगेच सांग, मी बंद करतो."

ताई खुर्चीत बसली. पाठ न टेकता, दवाखान्यात नंबर यायची वाट बघावी तशी.

भाऊजींनी वाजवलं. मला कान नाही, हे मी सांगितलंच आहे, पण एवढं कळलं की खोलीत काही टोचत नव्हतं. कुणीतरी शेजारी बसून बोलावं तसा आवाज होता. ताईच्या हातातली शेंग तशीच राहिली. तुकडा संपला. भाऊजींनी तारांवर हात ठेवला आणि मान वर करायची त्यांची हिंमत होईना.

"मधे ते चढत जातं ना," ताई म्हणाली, "तिथे तुम्ही घाई करता. नेहमीच करता."

भाऊजींनी वर बघितलं. "नेहमी? तू कधी ऐकलंस?"

"रोज ऐकते."

"तू तर फिरायला जातेस."

"कुठे जाते? खाली जिन्याच्या वळणावर बसते. इथे कानात सुया जातात माझ्या. तिथे दाराआडून गोड लागतं. पडद्याचं कापड उरलं होतं, त्याची उशी शिवून ठेवलीय तिथे."

मी भिंतीकडे बघत राहिले. मघाशी ती उशी मीच कोपऱ्यात सारली होती.

"मग मी विकतो म्हणालो तेव्हा बोलली का नाहीस?"

"काय बोलणार? कधी समोर बसून ऐकलं नाही मी. कुठल्या तोंडाने सांगू, विकू नका म्हणून? टोचतं म्हटलं असतं तर तुम्ही त्याच दिवशी बंद केलं असतं. मला ते बंद व्हायला नको होतं." बोलता बोलता तिचे डोळे भरले आणि ती त्याच शेंगेच्या शिरा काढायला लागली.

भाऊजी पेटीकडे वळले, धारेचं बटण अगदी थोडं फिरवलं आणि एक सूर वाजवला.

"आता?"

ताईने मान तिरकी करून ऐकलं. भाऊजींनी बटण परत मागे घेतलं. पुन्हा तोच सूर.

"आणि आता?"

"मघाचं परत लावा बघू," ताई म्हणाली.

हे लवकर संपणार नाही, हे मी ओळखलं. जिना उतरून वळणापर्यंत गेले, उशी उचलली, झटकली आणि वर आणून ताईच्या पाठीशी ठेवली. तिने माझ्याकडे बघितलंही नाही. मागे टेकली आणि ऐकत राहिली.