सर्व प्रकारचे ड्रायव्हर मिळतील

“ड्रायव्हर टाकाचं वेडच होतं त्याले. गुरुजीचा चांगला चालता संगणक त्या वेडापायीच गेला.”

आमच्या वरठीच्या वाचनालयात त्याच्या शोकसभेत निवृत्त पोस्टमास्तरांनी हे उद्गार काढले आणि जमलेल्यांनी माना डोलावल्या. विधान दोन वाक्यांचे आहे आणि दोन्ही वाक्ये खोटी आहेत. त्या सभेपासून मला एका जागी बसवत नाही. वर्तमानपत्र उघडतो, मिटतो. अंगणात जातो, परत येतो. म्हणून हे लिहीत आहे.

त्याला सारे गाव ‘ड्रायव्हर’ म्हणे. तो पूर्वी ट्रक चालवत असे म्हणून हे नाव पडले, असे पोस्टमास्तर छातीठोकपणे सांगतात. ड्रायव्हरने तर आयुष्यात सायकलीखेरीज काहीही चालवले नाही. सातवीत मी त्याला शिकवले, तेव्हापासूनचे मी जाणतो. स्टेशनच्या रस्त्यावर संगणकदुरुस्तीचे दुकान टाकल्यावर त्याने स्वतःच्या हाताने पाटी रंगवली : ‘सर्व प्रकारचे ड्रायव्हर मिळतील.’ पहिल्याच आठवड्यात धानाचा ट्रक भरून उभा असलेला एक मालक धापा टाकत आत आला.

“भाऊ, एक ड्रायव्हर द्या. तुमसरले गाडी जाची आहे.”

“देतो न,” हा म्हणाला. “पण माया ड्रायव्हर स्टेरिंग धरत नाही जी. तो पिरिंटर चालवते.”

नावाची हकीकत एवढीच. पाटी त्याने शेवटपर्यंत बदलली नाही.

आता वेडाविषयी. संगणकातल्या मुख्य बोर्डावरच्या चिपसेटचा ड्रायव्हर, म्हणजे तो भाग चालवणारा प्रोग्राम, टाकावा की टाकू नये, यावर वरठीत आजकाल प्रत्येकाला मत आहे; कारण प्रत्येकाच्या हातात मोबाइल आहे. त्याची स्वतःची रीत मात्र ठरलेली होती. तो आधी संगणकातली भागांची यादी उघडी. एखाद्या भागाची ओळख पटलेली नसली की त्या नावापुढे पिवळी खूण दिसते. खूण नसली तर तो यादी मिटून टाकी. कारखान्यातला एक कामगार एकदा हटूनच बसला.

“भाऊ, मोबाइलवर सांगतेत, चिपसेटचा ड्रायव्हर पयले टाका म्हणून.”

“मोबाइलवाल्यानं तुया संगणक पायला का?”

“नाही.”

“मी पायला. बरा चालून राहिला. त्याले काहून छेडतं?”

आणि त्याने तो संगणक तसाच परत दिला. खूण दिसलीच, तर खोके उघडून, विजेरीच्या उजेडात बोर्डावरचे नाव नि क्रमांक वाचून, नेमका त्याच बोर्डाचा ड्रायव्हर बोर्ड बनवणाऱ्याच्याच संकेतस्थळावरून घेई. क्रमांक झाकणाच्या आतून पेनने लिहून ठेवी, पुढच्या वेळी शोधायला नको म्हणून. ज्याला हे वेड वाटते, त्याने शहाणपण कशाला म्हणतात ते मला एकदा समजावून सांगावे.

चिपसेट म्हणजे काय, असे मी एकदा त्याला विचारले. तो शेतकऱ्याच्या घरचा. म्हणाला, “गुरुजी, तलावात पाणी हाये, तरी धानाची बांधी वाळून राहिली, तं काय पायता? तुडुम पायता न? पाणी सोडाचा तुडुम. हे तेच हाये. पाणी त्याच्यातूनच जाते, पण तुडुम कोणाले दिसत नाही.” मी तो शब्द त्याच्यासमोर टिपून घेतला. तेव्हा मी आमच्या भागातल्या झाडीबोलीचे शब्द गोळा करत होतो. अकरा वर्षे माझ्या गावी, एकोडीला, बांधाबांधावर हिंडून जमवलेले शब्द मी संगणकात उतरवले होते. ‘तुडुम’ त्यांतला शेवटचा.

ते शब्द गेले. पेनड्राइव्हवर हलवताना सगळी फाइल नाहीशी झाली आणि कागद तर मी आधीच रद्दीत दिले होते. वाचनालयात चर्चा झाली. आदल्याच आठवड्यात ड्रायव्हर माझ्याकडे येऊन गेला होता, हे सर्वांना ठाऊक होते. पोस्टमास्तरांनी सर्वांदेखत त्याला विचारले, “काहून रे, काय टाकून आलास गुरुजीच्या संगणकात?” त्याने माझ्याकडे पाहिले. मी वर्तमानपत्रात पाहत होतो. “होऊन गेलं जी,” एवढेच तो बोलला आणि सायकल घेऊन निघून गेला. त्यानंतरही दर दिवाळीला तो माझ्या पाया पडायला येत राहिला.

आज दुकान त्याची बायको कौसल्या चालवते. काम तिला त्याच्याइतकेच येते. झाकणाच्या आतले क्रमांक निम्मे तिच्याच अक्षरात आहेत. पण गिऱ्हाईक पाटी वाचते, पोस्टमास्तरांचे वाक्य आठवते आणि पुढच्या दुकानात जाते. परवा मी गेलो, तर ती एकटीच काउंटर पुसत बसली होती. “गुरुजी, यायनं खरंच तुमचा संगणक बिघडवला का?” तिने विचारले. मी घरी येऊन कागद पुढे ओढला. हे उत्तर तिला एकटीला देऊन भागणार नाही. म्हणून हा कागद मी वाचनालयाच्या फळ्यावर लावणार आहे.

ड्रायव्हर आला त्या दिवशी पोस्टमास्तर माझ्या घरी नव्हते. मी होतो. संगणकात नवे विंडोज घातलेले होते. ड्रायव्हरने यादी उघडली आणि पडद्यावर बोट ठेवले.

“गुरुजी, पिवळं दिसून राहिलं. पेनड्राइव्ह जिथं लावता, तिथंच. चिपसेटचा टाकतो.”

मी आदल्या दिवशी कुठेतरी वाचले होते की नवे विंडोज सारे काही आपले आपण शोधून घेते. मी त्याला तसे सांगितले. तो म्हणाला, “शोधते जी. पण हे सापडलं नाही त्याले.” सातवीतला विद्यार्थी मला शिकवतो, याचा मला राग आला. काही टाकायचे नाही, असे मी बजावले.

“तुमी म्हणता तं राहू द्या,” तो म्हणाला. “पण पेनड्राइव्ह लावासाठी मले बोलवा.” मी बोलावले नाही. संगणकातून निघून फाइल पेनड्राइव्हवर पोहोचते न पोहोचते तोच तो दिसेनासा झाला. पुन्हा दिसला तेव्हा कोरा होता.

तेव्हा ज्यांना वाद घालायचा आहे त्यांनी माझ्याकडे यावे, कौसल्येकडे नव्हे. माझ्या संगणकात त्याने चिपसेटचा ड्रायव्हर टाकलाच नाही. तो टाकू लागला, तेव्हा त्याचा हात मी धरला होता.