उखर्डूचा अर्थ

शिरीनचा फोन आला तेव्हा मी पाचोऱ्याला घरी दाढी करत होतो. "काका, बाबा गेले. पहाटे, झोपेतच." एवढंच म्हणाली. अर्ध्या गालावर साबण तसाच... आणि मनात पहिल्यांदा आलं ते दुःख नव्हतं. राहून गेलं, एवढंच आलं. सात वर्षं एका माणसाची माफी मागायची होती आणि तो माणूसच गेला. पाच आठवडे झाले, पण ती टोचणी काही जात नाही.

शिरीन ही उखर्डूची मुलगी. उखर्डू माझा बालमित्र, सोनगीरजवळच्या आमच्या गावातला. त्याच्या आधीची तीन भावंडं पाळण्यातच गेली होती. मग हा झाला तेव्हा त्याच्या आईनं त्याला उकिरड्यावर ठेवलं, शेजारणीनं उचलून आणून दिलं, आणि टाकून दिलेल्या पोराकडे काळाचं लक्ष जाणार नाही म्हणून नाव ठेवलं उखर्डू. आमच्याकडे ही रीतच होती. शाळेत हजेरी घेताना त्याचं नाव आलं की वर्ग हसायचा. त्यात मीही असायचो, किंबहुना पुढेच असायचो. तो मात्र ठणकावून "हजर" म्हणायचा. पुढे मी गुरुजी झालो, तो धुळ्यात शिंपी. मोठ्यांचे कपडे त्यानं कधी शिवलेच नाहीत. झबली, टोपडी, दुपटी एवढंच, आणि दुपट्याच्या कोपऱ्यात रंगीत दोऱ्यानं बाळाचं नाव.

त्या नावांनीच त्याला वेड लावलं. नाव घालायला कोणी आलं की हा हातातली कात्री खाली ठेवायचा आणि विचारायचा, "ह्याना अर्थ काय शे?" गिऱ्हाईक माहीत नाही म्हणालं की काम बंद! घरी जाऊन विचारून या. बाप आला असेल तर म्हणायचा, "मायले इचार. बापले काय कयस?" त्याचं दुकान मुसलमान मोहल्ल्याच्या तोंडाशी होतं. तिथल्या एका बाईनं त्याला सांगितलं की रेहान म्हणजे सुगंधी झाड, सब्ज्याच्या जातीचं. हा पठ्ठ्या दुसऱ्या दिवशी सब्ज्याचं रोप घेऊन तिच्या दारात हजर! चर्चच्या शाळेतल्या बाईंकडून त्याला कळलं की इसहाक म्हणजे हसणारा. साक्रीकडच्या भिल्ल आयांनी सांगितलं की बुध्या बुधवारचा आणि मंगल्या मंगळवारचा, त्यात शोधायचं काही नाही. मी सुट्टीत गेलो की मशीन थांबवून मला हे सगळं ऐकवायचा. एकदा म्हणाला, "मास्तर, सलमा, आयरीन आन् शांता, तिन्ही नावं एकच. तीन देशांतल्या तीन मायांनी एकच मागितलं, शांती." स्वतःच्या मुलीचं नाव त्यानं शिरीन ठेवलं. भावकी चिडली, हे आपल्यातलं नाव नाही म्हणाली. "फारसीत गोडले शिरीन म्हणतस. पोर गोड शे, मंग?" एवढ्यावर त्यानं विषय मिटवला.

सात वर्षांपूर्वी माझ्या नातवाचं बारसं होतं. उखर्डू धुळ्याहून सकाळच्या एस.टी.नं आला. मुलानं आणि सूनबाईनं मोबाईलवर शोधून नाव काढलं होतं, रिआंश. त्यानं सवयीनं विचारलं, "ह्याना अर्थ काय शे, बेटा?" सूनबाई गोंधळली, मोबाईल चाळू लागली. तिचे माहेरचे लोक समोर बसलेले. मला राग आला... का आला ते आज सांगताही येत नाही. मी भरल्या घरात म्हणालो, "उखर्डूनं दुसऱ्याच्या नावाचा अर्थ विचारावा म्हणजे कमालच झाली!" घर खो-खो हसलं. तोही हसला. "खरं शे, मास्तर," म्हणाला. जेवला, बाळाच्या हातात दहाची नोट ठेवली, टोपी घातली आणि निघाला. मी त्याला बसस्टँडपर्यंत सोडायलाही गेलो नाही.

त्यानंतर धुळ्याला मी चार-पाच वेळा तरी गेलो असेन. दरवेळी ठरवायचो, आज दुकानावर जायचं. दरवेळी काहीतरी निमित्त काढून परतायचो. फोनवर बोलणं व्हायचं, पण तब्येत आणि पाऊसपाणी यापलीकडे नाही. चूक माझी होती आणि मी मास्तर होतो. आयुष्यभर पोरांना उठाबशा काढायला लावल्या, स्वतः मात्र एकदा वाकता आलं नाही.

त्याच्या दिवसकार्याला, गंधमुक्तीला गेलो. मांडवात शिरीननं पत्रिका हातात दिली. वर फोटो त्याचा, खाली नाव 'कै. उत्तमराव'. मला वाटलं, छापणाऱ्यानं घोळ घातला. मी चढ्या आवाजात म्हणालोसुद्धा, "हे काय छापलंय? हा कोण उत्तमराव?"

शिरीन हळूच म्हणाली, "बाबांनीच सांगून ठेवलं होतं, काका. तुमच्याकडच्या बारशाहून आले तेव्हापासून म्हणायचे, मी गेलो की उत्तम लिही. उखर्डू नको लिहूस. लोक हसतात."

शाळेत हसलो, तेव्हा त्यानं ते नाव सोडलं नव्हतं. सत्तरी गाठेपर्यंत आईनं ठेवलेलं नाव ताठ मानेनं मिरवलं त्यानं. मी ती पत्रिका घडी करून खिशात ठेवली. जेवणाच्या पंगतीतून मी तसाच उठलो.

घरी आल्यावर पत्रिका टेबलावर ठेवली. रिआंश आता दुसरीत आहे, दिसेल ते वाचतो. "आजोबा, उत्तमराव कोण?" मी म्हणालो, "माझा मित्र. खरं नाव उखर्डू." तो हसला. पोरगंच ते, हसणारच. त्याचं हसू संपेपर्यंत मी थांबलो. मग त्याला ती तीन भावंडं सांगितली, उकिरडा सांगितला, शेजारीण सांगितली. म्हणालो, "उखर्डू म्हणजे आईला फार फार हवा असलेला मुलगा."

त्यानं पत्रिकेवरचं नाव पुन्हा वाचलं. मग पत्रिकेवर बोट ठेवून म्हणाला, "मग इतकं चांगलं नाव कोणी बदललं?"

"मी," म्हणालो.