एका बाहीचा स्वेटर

पंच्याण्णव सालच्या दिवाळीनंतर बारामती-इंदापूर एसटीत माझ्या शेजारी एक आबा बसायचे. नाव मी कधी विचारलं नाही. आयुष्यभर मेंढरं राखलेले हे गृहस्थ सायकलच्या तारांच्या सुयांवर ऊसतोडीवाल्यांच्या पोरांसाठी टोप्या विणायचे.

त्यांना बघून मलाही हुरूप आला. मुलगा पहिलीत असताना त्याच्यासाठी सुरू केलेला स्वेटर मी एके दिवशी पिशवीत घालून नेला. मुलगा तेव्हा नववीत होता आणि स्वेटरला बाही एकच होती.

“दुसरी बाही झाली की त्या पोरांना देईन म्हणते,” मी म्हणाले.

आबांनी स्वेटर उलटून पाहिला. “कवा व्हईल?”

“होईल की सवडीनं.”

“बाई, पोरं उघड्या डोक्यानं फडात हायत. थंडी कुठं थांबतीया तुमच्या सवडीसाठी?”

असं म्हणून त्यांनी तो उसवायलाच घेतला. मी नको म्हणेपर्यंत बाही गेली. लोकर गुंडाळायला त्यांनी मलाच बसवलं. निमगाव केतकी येईस्तोवर माझी आठ वर्षांची मेहनत संपली.

आठवड्यानं त्यांनी चार टोप्या माझ्या मांडीवर ठेवल्या. “ह्या तुमच्या. उद्या पोरांच्या डोक्यावर जात्याल.”

विणकाम येतं का, असं कुणी विचारलं तर मी आजही सांगते, चार टोप्या केल्यात.