हलिमाचाचीच्या पायरीवरचा टोप

हलिमाचाचीवर अन्याय झाला. बुधवारी सकाळी नऊच्या सुमारास ती स्वयंपाकघरात पडली आणि शुक्रवारी सकाळी साडेदहाला कुणीतरी तिचं मागचं दार ढकललं. मधल्या दोन दिवसांत मिरकरवाड्याच्या वरच्या अंगाला असलेल्या आमच्या गल्लीतली झाडून सगळी माणसं तिच्या घरावरून गेली. बंदरावर गेली, बाजारात गेली, नमाजाला गेली, देवळात गेली. कुणी तोंड फिरवून गेलं नाही, हे लक्षात घ्या. सगळ्यांनी तिच्या पायरीकडे बघितलं, समाधान करून घेतलं आणि मगच पाऊल उचललं. पत्रकं लिहिणं हे माझं काम. जबाबदार कोण, ते मी पहिल्याच परिच्छेदात नाव घेऊन सांगतो. इथेही सांगतो. पहिलं नाव माझं आहे.

चाचीनं तीस-पस्तीस वर्षं डोक्यावर टोपली घेऊन आमच्या भागात मासे विकले. नवरा खलाशी होता, लवकर गेला. एकुलती मुलगी शबाना लग्न होऊन लांज्याला. आमच्याकडची निम्मी घरं अशीच आहेत, मुलं मुंबईला नाहीतर आखातात आणि मागे एकेक म्हातारं माणूस. ही माणसं सकाळी पायरीवर टोप ठेवायची. उताणा असला की मासे हवेत. मग चाची त्यात चार बांगडे नाहीतर वाटाभर मांदेली टाकणार, वर झाकण, झाकणावर मांजरासाठी धोंडा. टोप पालथा असला की आज नको. आणि टोपच नसला, तर चाची टोपली उतरवून घरात शिरायची. दार बंद असेल तर मागून. हा नियम कुणी बसवला नव्हता. एका बाईनं रोज केलं म्हणून तो झाला होता. "पालथा म्हंजे काय? आज नको, पण मी हाय," असं ती म्हणायची. मासे विकता विकता ही बाई रोज अख्ख्या गल्लीची हजेरी घेत होती, आणि आम्हाला वाटायचं ती मासे विकतेय.

गल्लीच्या टोकाला जोशी मास्तर राहतात. निवृत्त शिक्षक, विधुर, आणि जन्मात मासा न खाल्लेला माणूस. पण त्यांच्याही पायरीवर रोज सकाळी टोप असायचा, पालथा. चाची स्वतःच्या पायरीवरही टोप ठेवायची, आणि दर शुक्रवारी मास्तरांना डिवचायची. "मास्तर, आज शुक्रवार. आज माझा टोप उताणा, लेकीकडचं कुणीतरी जेवायला येतंय. तुमचा कधी व्हायचा?" मास्तर पेपरातून डोकं न काढता म्हणायचे, "तू शेवग्याच्या शेंगा विकायला लाग, त्या दिवशी." एका सकाळी मास्तरांचा टोप दिसला नाही. चाची मागच्या दारानं आत गेली तर मास्तर न्हाणीत पडलेले, डोक्याला खोक. तिनं टोपलीवरचा फडका त्यांच्या डोक्याला बांधला आणि गल्ली गोळा केली. मास्तर वाचले. नंतर कितीतरी दिवस सांगत होते, "या हलिमेनं मला बाटवला हो! आठवडाभर डोक्याला सुरमईचा वास येत होता." हे सांगताना त्यांचे डोळे भरून यायचे.

माझी आणि तिची मैत्री भांडणातून झाली. मासळीबाजारातल्या बायका उन्हात बसतात, त्यांना शेड हवी, म्हणून मी पत्रक काढलं. दोन्ही बाजूंनी छापलेलं, बारीक अक्षरात. चाचीला वाचता येत नव्हतं. बांगडे साफ करता करता तिनं ते माझ्याकडून मोठ्यानं वाचून घेतलं. अर्ध्यावर मला थांबवलं. "मेल्या, एवढा ऐकंपर्यंत मासे नासतील माझे. तुला काय पायजे?"

"तुमच्यासाठी सावली, चाची."

"मग सावली पायजे म्हण नि गप बस. मागायचं ते एकच माग." ...त्यानंतरचं माझं प्रत्येक पत्रक आधी तिच्या पायरीवर वाचलं गेलं आणि निम्मं होऊन छापखान्यात गेलं.

दोन वर्षांपूर्वी गुडघ्यांनी तिची टोपली बंद केली. आता रफिक स्कूटरवरून मासे आणतो. टोप ठेवायची सवय गल्लीनं मोडली नाही आणि चाचीनंही. उलट रफिक दारात आला की ती आधी विचारायची, "मास्तरांचा टोप हाय ना? शिंदेबाईंचा?" सगळ्यांचे टोप जाग्यावर आहेत, हे कळल्यावरच ती मासे बघायची. पण तिची हजेरी कुणी घ्यायची... हा प्रश्न आमच्यापैकी एकाही शहाण्याला पडला नाही.

त्या बुधवारी तिला ताप होता. मासे नको होते. तिनं टोप पालथा ठेवला, आत गेली, आणि पडली. खुब्याचं हाड मोडलं. रफिक आला, त्यानं पालथा टोप बघितला, सवयीनं हॉर्न वाजवला आणि गेला. गुरुवारी पुन्हा तेच. ठेवलेला टोप संध्याकाळी उचलून घ्यायचा असतो, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. पण उचलला की नाही ते बघायला संध्याकाळी कोण थांबतंय? गुरुवारी दुपारी मी रिक्षाला भोंगा बांधून शेडच्या सभेची हाकाटी करत गल्लीत आलो. बरोबर चाचीच्या घरासमोर रिक्षा उभी केली आणि पंधरा मिनिटं ओरडत होतो. मासे विकणाऱ्या आयाबहिणींच्या हक्कासाठी ओरडत होतो. ती आत जमिनीवर होती. भिंतीच्या त्या बाजूला. तेवढ्यात लांज्याहून शबानाचा फोन आला. "दादा, अम्मा कालपासून फोन उचलत नाय. जरा बघतोस?" मी मान वळवून पायरीकडे बघितलं.

"अगं, टोप आहे दारात. पालथा आहे. बरी आहे ती, झोपली असेल."

एवढं बोललो आणि भोंगा पुन्हा चालू केला.

शुक्रवारी टोप तसाच पालथा. गल्लीत कुणाला काही वाटलं नाही. ज्यांनी आयुष्यात कधी मासा विकत घेतला नाही, त्या जोशी मास्तरांना वाटलं. "शुक्रवारी हलिमा मासे नको म्हणेल?" एवढंच ते स्वतःशी बोलले आणि काठी टेकत, जांभ्या दगडाच्या पायऱ्या एकेक करत उतरले. हाक मारली. मग मागं गेले, जशी ती एकदा त्यांच्यासाठी गेली होती. मागचं दार नुसतं लोटलेलं होतं. कडीसुद्धा नव्हती, वाचताय ना? दोन दिवस ते दार नुसतं लोटलेलं होतं.

सरकारी दवाखान्यात डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काल आणलं असतं तर..." चाचीच्या ओठांना पाणी लावायला मी वाकलो, तेव्हा तिनं मला ओळखलं. "काल तुझा आवाज आला," ती म्हणाली. "बरं वाटलं रे." तिनं हाक मारली होती का, ते मला विचारता आलं नाही. शनिवारी पहाटे ती गेली. मी आजही तो प्रश्न घेऊन फिरतो. भोंग्याचा माईक हातात धरवत नाही. बटण दाबलं की आधी बारीक खरखर होते, आणि त्या खरखरीत मला कुणीतरी बोलल्यासारखं वाटतं...

परवा चाचीचा चाळिसावा दिवस झाला. शबानानं मला एका शब्दानंही बोल लावला नाही. लावायला हवा होता. तिनं घर आवरलं, भांडी बांधली, पायरीवरचा टोप उचलायला वाकली, पण उचलला नाही. शेवटी टोप तिथेच ठेवून लांज्याला गेली. तो अजून तिथेच आहे. ॲल्युमिनियमचा, एका बाजूला चेपलेला, पालथा. रफिक अजून तिथं स्कूटर हळू करतो. मास्तर काठी टेकून क्षणभर थांबतात. आणि रोज सकाळी त्या दारावरून जाताना माझे डोळे माझं ऐकत नाहीत, टोपाकडे जातात, आणि टोप मला गुरुवारी सांगितलं तेच सांगतो. आज नको, पण मी हाय.

मागायचं ते एकच माग, असं चाची म्हणायची. एकच मागतो. तुमच्या शेजारी एकटं राहणारं माणूस आहे. खिडकी उघडी दिसते, दोरीवर लुगडं वाळतंय, दिवा लागलाय, म्हणून पुढे जाऊ नका. हे वाचणं इथेच थांबवा, उठा, त्या दारात जाऊन नाव घेऊन हाक मारा. आणि आतून ओ येईपर्यंत तिथून हलू नका.