दोष नसल्याचा कागद

सखाराम पांचाळ मासळीबाजारात गेला की एकाच बांगड्याचे कल्ले दोनदा उघडून बघायचा. एकदा मासेवालीच्या समोर, आणि एकदा ती दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळली की. रंगाचा डबा दुकानातच उघडून वास घेतल्याशिवाय तो घरी आणत नसे. त्याची बायको गोदा म्हणायची, ह्यांना चहात साखर घातली म्हणून सांगितलं तरी चमच्याने तळ ढवळून बघतात.

हा स्वभाव काही जन्माचा नव्हता. गावाने तो त्याला दिला होता. रत्नागिरीत लाकडाला रंग आणि पॉलिश करण्यात त्याची चाळीस वर्षं गेली. खाऱ्या वाऱ्यात रंग टिकवणं म्हणजे काय, हे ज्याने केलंय त्यालाच ठाऊक. सखारामचा रंग टिकायचा, आणि त्यावरच त्याचं नाव होतं. चार वर्षांपूर्वी एका दातांच्या डॉक्टरांनी भर आषाढात दवाखान्याचं दार रंगवून मागितलं. लाकूड ओलं आहे, दिवाळीनंतर करू, असं सखाराम घसा सुकेपर्यंत सांगत होता. डॉक्टर ऐकेनात. गणपती येईपर्यंत दाराला पोपडे सुटले. बाबल्या नावाचा दुसरा रंगारी तिथून जात होता. त्याने दाराचा फोटो काढला, खाली सखारामचं नाव घातलं आणि तो गावभर फोनवर फिरवला. पुढे वर्षभर मांडवीपासून नाचणे गावापर्यंत सखारामला कोणी हाक मारली नाही, आणि नंतरही कामं तुरळकच आली.

तेव्हापासून तो गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे बघण्याआधी त्याच्या हातातल्या फोनकडे बघायचा.

अशा माणसाला आम्रपाली तांबेने बोलावलं. मुलगी बँकेत नोकरीला, मुंबईहून बदली मागून गावी आलेली. नाचणे भागात तिने नवा ब्लॉक घेतला होता. बैठकीच्या खोलीत एक सागवानी कपाट, एक टेबल आणि दोन खुर्च्या होत्या. लाकूड असं सरळ आणि पक्कं की सखारामचा हात आपोआप त्यावरून फिरला. लाखेचं पॉलिश मारून आरसा करून देतो, असं तो म्हणणार, एवढ्यात तिने फोन पुढे केला.

फोनवर एका खोलीचा फोटो होता. मळकट पांढरं कपाट, फिकट हिरवी खुर्ची, जागोजागी रंग गेलेला, खालचं लाकूड दिसतंय, वर फुलाफुलांच्या उशा. तिने समजावून सांगितलं, की याला शॅबी शिक म्हणतात. सामान मुद्दाम जुनं, वापरून वापरून उडालेलं दिसलं पाहिजे. आधी रंगवायचं आणि मग ठिकठिकाणी रंग काढायचा.

सखारामने फोटो पाहिला, मग तिच्याकडे पाहिलं, मग दाराकडे पाहिलं. रंग काढायला माणूस कशाला बोलवायचा? भाट्याच्या किनाऱ्यावर वाळूत दोन पावसाळे ठेवा, फुकट होईल. नक्कीच यात काहीतरी होतं. खोटं जुनं करून मुंबईच्या लोकांच्या गळ्यात मारणार की काय? एवढ्यात त्याने भिंतींचा ताजा रंग पाहिला आणि सहज विचारल्यासारखं करून विचारलं, की भिंती कोणी केल्या. बाबल्याने केल्या, असं ती म्हणाली.

झालं. सखारामच्या डोक्यात सगळं जागच्या जागी बसलं. बाबल्याने हिला पढवलं असणार. आपल्याकडून पोपडे काढून घ्यायचे आणि परत फोटो फिरवायचा. या वयात दुसऱ्यांदा नाव गेलं तर ते परत यायला आयुष्य उरलेलं नव्हतं.

तो सरळ नाही म्हणाला असता. पण काम नसलेल्या हातांना इतकं चांगलं लाकूड सोडवेना. म्हणून त्याने दोन अटी घातल्या. पहिली, हे काम त्याने केलं असं कोणाला म्हणजे कोणाला सांगायचं नाही. दुसरी, लिहून द्यायचं. आम्रपालीला हसू आलं, पण म्हाताऱ्याचा चेहरा बघून तिने ते गिळलं. त्याने सांगितलं तसं तिने लिहिलं, सही केली, तारीख घातली. सखारामने कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून सदऱ्याच्या खिशात ठेवला आणि वरून दोनदा चाचपला.

काम सुरू झालं तरी त्याचा एक डोळा तिच्या फोनवरच होता. ती फोन घेऊन उठली की तो कपाटासमोर येऊन उभा राहायचा. रंग वाळल्यावर तिने हौसेने पॉलिशपेपर घेतला आणि खुर्चीची पाठ सगळीकडून सारखी घासायला लागली. सखारामला ते बघवेना.

"बाय, लाकूड असं झिजत नाय," तो म्हणाला. "मानूस जितं हात लावतो तितं झिजतं."

आणि मग तो स्वतःलाच विसरला. चाळीस वर्षं त्याने लोकांच्या घरातली झीज भरून काढली होती. ती कुठे असते, हे त्याच्याइतकं गावात कोणाला ठाऊक नव्हतं. कपाटाच्या मुठीपाशी उजव्या हाताची चार बोटं टेकतात तिथे. खुर्चीच्या पुढच्या दांडीवर, जिथे पोरं टाचा अडकवतात. टेबलाच्या त्याच कोपऱ्याला, जो स्वयंपाकघरात जाताना प्रत्येकाच्या मांडीला लागतो. तिथे तिथे त्याने रंगाच्या खालच्या थरावर मेणबत्ती घासली आणि मग वरचा रंग दिला. मेणावर रंग धरत नाही. लोकांच्या टेबला-कपाटांवर सांडलेलं मेण खरवडून काढण्यात त्याचा जन्म गेला होता, आणि आज तो स्वतःच्या हाताने ते लावत होता. वरून हलका पॉलिशपेपर फिरवला, तसा रंग तिथूनच सुटला जिथून खरा सुटला असता. आम्रपालीने खुर्चीच्या दांडीवरून बोट फिरवलं. मग म्हणाली, की ही खुर्ची तिच्या आजीच्या घरातली वाटते. सखारामला बरं वाटलं. लगेच त्याने पाहिलं, की हिचा फोन कुठे आहे.

रविवारी सकाळी तिने नव्या घरी माणसं बोलावली. बुद्धवंदना झाली, खिरीच्या वाट्या फिरल्या. सखारामलाही बोलावणं होतं आणि बाबल्यालाही. तो दाराशी बसला, कारण तिथून बाबल्या नीट दिसत होता. कोणी नाक मुरडलं तर कागद तयार होता.

पण नाक कोणी मुरडेना. बायका कपाटाला हात लावून बघत होत्या. पावस गावात आंब्याच्या बागेत चार खोल्यांचं होमस्टे चालवणारा संदेश नावाचा गृहस्थ तर खुर्चीपुढे उकिडवाच बसला. अख्खी मुंबई पालथी घातली तरी असा हात मिळाला नाही, कारागीर कोण, असं त्याने विचारलं.

आम्रपालीने सखारामकडे पाहिलं. सखारामने मान खाली घातली. ती म्हणाली, की नाव सांगायचं नाही असं तिने कबूल केलंय. तेव्हा संदेश बाबल्याकडे वळला आणि म्हणाला, भिंती तुमच्या, म्हणजे हेही तुमचंच. बाबल्याने खिरीतला काजू शांतपणे चावला. हो म्हणाला नाही आणि नाहीही म्हणाला नाही. नुसता हसला.

सखारामच्या अंगाची आग झाली. चार वर्षं तो दारं-खिडक्या लावून आपलं नाव राखत होता, आणि आज त्यानेच ते स्वतःच्या हाताने बाबल्याच्या वाटीत वाढलं होतं. खीर खाली ठेवून तो उठला. खिशातली पिशवी काढली, कागद उलगडला आणि आम्रपालीच्या हातात दिला.

"वाच," तो म्हणाला. "सगल्यांना ऐकू जाईल असं."

तिने वाचलं. "माझ्या बैठकीच्या खोलीतील कपाट, टेबल व दोन खुर्च्यांचा रंग मी स्वतः सांगून सखाराम धोंडू पांचाळ यांच्याकडून ठिकठिकाणी काढून घेतला आहे. यात त्यांचा काहीही दोष नाही."

बाबल्या वाटीत काजू शोधायला लागला. संदेशला काही उमगेना. दोष नाही म्हणजे काय, असं त्याने विचारलं.

"ते चुकीचं लिवलंय," सखाराम म्हणाला. "दोष हाय. सगला माजाच हाय. एकेक पोपडा माज्या हातचा हाय."

मग संदेश हसला आणि म्हणाला, चार खोल्या आहेत, पावसला कधी येता? सखारामने त्याच्याकडे खालून वर पाहिलं. चपला पाहिल्या, हातातला फोन पाहिला. मग आम्रपालीकडून कागद परत घेतला, घडी घातली आणि खिशात ठेवला.

"येतो," तो म्हणाला. "पन आदी असाच एक कागद लिवून द्यायचा. आनि माजं नाव मोट्या अक्षरात."