प्रीतीचा लाल ठिपका

सक्करदऱ्यात कांताबाईंच्या हातची लांब रोटी नावाजलेली. पालथ्या मडक्यावर रोटी पसरताना त्यांचा हात कधी चळला नाही. त्यांची लेक प्रीती मात्र त्या दुपारी चुलीजवळ लॅपटॉप घेऊन भर उन्हाळ्यात गारठल्यासारखी बसली होती.

प्रीती आकाशातल्या स्फोटांवर संशोधन करते. दूरवर एखादा तारा फुटतो आणि कधी कधी त्याचा उजेड काही तासांतच मावळतो. पण जवळचा एखादा तपकिरी बटू, म्हणजे तारा होता होता राहिलेला गोळा, मध्येच भडकला तरी दुर्बिणीला तसाच ठिपका दिसतो. मागच्या वर्षी ती अशीच फसली. तिच्या शब्दावर परदेशातली मोठी दुर्बीण वळवली आणि निघाला बटू. ‘पुन्हा असं झालं, तर हे काम दुसऱ्याकडे देऊ,’ असं मार्गदर्शक अरुंधतीबाई शांतपणे म्हणाल्या होत्या. त्या शांतपणाचीच तिला धास्ती होती.

आज नवा ठिपका उमटला. दुसऱ्या एका गटानं तो स्फोट असल्याचं जाहीरही केलं. अरुंधतीबाईंचा निरोप आला, ‘दुर्बीण वळवू? लगेच सांग.’

हो म्हणावं तर मागची फजिती. नाही म्हणावं आणि स्फोट खरा निघाला, तर तो पुन्हा दिसणार नाही.

“काहून थरथरून राहिली वं? आभाळात फुटलं ना, आपल्या घरात त नाही?” कांताबाई म्हणाल्या.

“चूक झाली त मले काढून टाकतील, आई.”

“मंग ये इकडं. रोट्या टाकाले माणूस लागतेच मले.”

प्रीतीला हसू आलं नाही. तिनं त्या जागेची, काही वर्षांच्या अंतरानं काढलेली दोन जुनी छायाचित्रं उघडली. दोन्हींत एक पुसट लाल ठिपका होता. दूरचा असता तर जागचा हलला नसता. हा केसभर सरकला होता. की तो सरकलेला असावा असं तिलाच वाटत होतं? तिनं पुन्हा मोजलं. सरकलाच होता.

‘वळवू नका. बटू आहे,’ असं लिहून तिनं निरोप पाठवला आणि मोबाईल रिकाम्या परातीखाली झाकला.

“त्याले काहून कोंडलं?”

“भेव लागते.”

तेवढ्यात परात खडखडली. दोघीही दचकल्या आणि कांताबाईंची रोटी मडक्यावर टर्रकन फाटली. प्रीतीनं परात उचलली. अरुंधतीबाईंचा निरोप होता, ‘त्या गटानं दावा मागे घेतला. तुझं बरोबर होतं.’

“राहिली ना नोकरी?”

“राहिली.”

“मंग अजून काहून थरथरते?”

“उद्या दुसरा ठिपका येईल ना.”

कांताबाईंनी फाटकी रोटी तिच्यापुढे सरकवली. “हे खा आधी. माह्याही हाताले आज भेव शिवलं.”